दुधाच्या दाताची साक्ष

वेदराजचा दात पडला आणि आमच्या आईनं नेहमीसारखा घोळ घातला.

तो दात कधी पडतो याची माझी भावजय मोनिका महिनाभर वाट बघत होती. काचेची डबी उकळून, वाळवून तयार होती. पण दात पडला सोमवारी सकाळी, ती दळण आणायला गेलेली असताना. आईनं तो रीतीप्रमाणे शेणाच्या गोळ्यात घातला, नातवाच्या हातात दिला आणि म्हणाली, "टाक छपरावर." साडेसात वर्षांच्या वेदराजनं गोळा भिरकावला आणि टाळ्या पिटल्या. तो बोलत नाही, पण आनंद झाला की त्याच्या टाळ्या अख्ख्या आळीला ऐकू जातात.

मला हे कळलं ते मोनिकाच्या फोनवरून. सहा वर्षांत तिनं मला केलेला तो पहिला फोन.

"सिस्टर," ती म्हणाली, "तुम्हाला शिडी चढता येती का?"

मी स्वप्नाली डुबल. गावच्या उपकेंद्रात नर्स आहे आणि उपकेंद्रामागच्या खोलीत एकटीच राहते. लग्न होऊन आल्यावर मोनिका मला ताई म्हणायची. सहा वर्षांपूर्वी ती मला गावासारखंच सिस्टर म्हणायला लागली आणि मीही कधी दुरुस्त केलं नाही. आताही तिला नणंद नको होती, सही हवी होती. दात तपासणीला पाठवायचा तर नळीवर आरोग्य कर्मचाऱ्याची सही लागते, आणि गावात कर्मचारी मी एकटीच.

स्लॅबवर चढलो तर सोलरच्या पाट्यांमध्ये शेणाचे वाळलेले अकरा गोळे निघाले. भावकीतल्या सगळ्या पोरांचे दात आमच्याच छपरावर येतात, कारण मजला न चढवलेलं घर आता आमचंच उरलंय. ओला गोळा मात्र एकच होता. मोनिकानं तो फोडला, दात पदराला पुसला आणि उन्हात धरून बघितला.

"ह्यात दिसंल," ती म्हणाली. "त्या दिवशी काय झालं ते सगळं दिसंल."

"आणि नाही दिसलं तर?"

"तर धाकटीला, शर्वीला, लस टोचा. मी आडवी येणार न्हाई."

"आणि दिसलं तर?"

"तर तुम्ही ग्रामसभेत उभं राहून सांगायचं. मी टोचलं, माझ्यामुळं पोराची वाचा गेली, असं."

मी चालेल म्हणाले आणि नळीवर सही केली. खाली उतरता उतरता ती म्हणाली, "आमच्या आयांच्या ग्रुपवर टाकलंय मी. दोनशे बायका पोरांना टोचायच्या थांबल्यात ह्या रिपोर्टसाठी." रिपोर्टसाठी कुणी थांबू नका, लस आजच द्या, असं मी तिथंच शिडीवर म्हणायला हवं होतं. पण सहा वर्षांनी ती माझ्याशी चार वाक्यं बोलली होती आणि मला तो धागा तोडायचा नव्हता.

त्या दिवशी काय झालं होतं ते सांगते. वेदराज सोळा महिन्यांचा होता आणि त्याची गोवर-रुबेलाची दुसरी लस राहिली होती. मोनिका म्हणाली होती, त्याला सर्दी झालीय, पुढच्या गुरुवारी बघू. ती परीक्षेला कराडला गेली आणि आईनं त्याला कडेवर घालून माझ्याकडे आणलं. साध्या सर्दीत लस देता येते. मी दिली. मोनिकाला फोन केला नाही. महिन्याभरात वेदराजनं 'पाणी' म्हणणं सोडलं, मग 'बाबा' म्हणणं, मग नावानं हाक मारली तरी वळून बघणं सोडलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी स्वमग्नता असं निदान केलं. मोनिकानं दोन तारखा शेजारी शेजारी लिहिल्या आणि माझ्याशी बोलणं सोडलं. मग शर्वी झाली. आता ती तीन वर्षांची आहे आणि तिला एकही लस दिलेली नाही.

लशीनं स्वमग्नता येते ही आवई जुनी आहे, माझ्या जन्माच्या वेळची. परदेशातल्या एका डॉक्टरनं बारा मुलांवरून तसं सुचवलं होतं. त्याची लबाडी उघडी पडली, तो लेख मासिकानं मागे घेतला, त्याचा परवाना गेला. मग कितीतरी देशांत लाखो मुलं तपासली गेली. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांमध्ये स्वमग्नतेचं प्रमाण सारखंच निघालं. मूल बोलायला लागण्याच्या ज्या वयात ही लक्षणं आईच्या नजरेस येतात, त्याच वयात लसही असते. दोन गोष्टी एका महिन्यात येतात, एवढंच.

हे सगळं मी पाठ म्हणून दाखवू शकते. आयांच्या बैठकीत शंभर वेळा म्हटलंय. तरीही सहा वर्षं वेदराज टाळ्या वाजवायला लागला की मला तो दिवस आठवायचा. लाखो मुलांचं खरं, पण हा एक? ह्या एकाच्या बाबतीत माझ्या हातून काही झालं असेल तर? हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. शिकलेल्या बाईनं असलं बोलायचं नसतं.

आणि आता ते यंत्र आलं होतं. दुधाचा दात बाळ पोटात असतानाच बनायला लागतो, चौथ्या महिन्याच्या सुमाराला. रोज एक बारीक थर चढतो. झाडाच्या खोडात वर्षाचं कडं असतं, तसं दातात दिवसाचं. बाळ जन्मतं त्या दिवशी शरीराला एवढा हिसका बसतो की दातात एक ठळक रेघ उमटते. त्या रेघेच्या अलीकडचं सगळं पोटातलं, पलीकडचं जन्मानंतरचं. हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं. नवीन गोष्ट एवढीच की हे यंत्र लेझरनं एकेक थर उकलून त्या दिवशी शरीरानं तांबं आणि जस्त कसं वापरलं ते मोजतं. स्वमग्न मुलांमध्ये ह्या दोन धातूंची लय बिघडलेली असते. ती कुठल्या आठवड्यात बिघडली ते यंत्र तारखेसकट दाखवतं. जिल्ह्याच्या ठिकाणी ते येऊन वर्षही झालं नव्हतं. मोनिकाच्या ग्रुपवर म्हणत होते, आता लशीचं विष दातात पकडलं जाणार.

मंगळवारी दुपारी शबानाचा फोन आला. शबाना मुल्ला ओढ्यापलीकडच्या गावची नर्स, माझ्याच बॅचची.

"स्वप्ने, रविवारी तुझी भावजय बारशाला आली होती का गं? पूनमच्या?"

"आली होती. शर्वीला घेऊन."

"मग बस खाली. तिथं पुण्यासनं पाहुणे आलेले, त्यांच्या पोराला आज अंगभर पुरळ उठलंय. गोवर हाय."

मी खरंच खाली बसले. त्या महिन्यात तालुक्यात गोवराची साठ मुलं सापडली होती. त्यातलं एक मी रुग्णालयात पाहिलं होतं. चार वर्षांची मुलगी, छातीत न्यूमोनिया, प्रत्येक श्वासाला बरगड्या आत ओढल्या जात होत्या. तिची आई मला विचारत होती, आता लस दिली तर चालंल का? ती मुलगी दुसऱ्या दिवशी गेली.

गोवराची लस टोचलेली नाही असं मूल रोग्याच्या खोलीत नुसतं बसून आलं तरी बहुतेक वेळा त्याला होतोच. पण एक पळवाट असते. संसर्गापासून बहात्तर तासांच्या आत लस दिली तर रोग बऱ्याचदा टळतो. बारसं रविवारी दुपारी बाराला होतं. म्हणजे बुधवारी दुपारी बारा.

मी पळतच घरी गेले. मोनिका भाकरी थापत होती. शर्वी उंबऱ्यात बसून कोंबड्यांना नावं ठेवत होती. ही मुलगी झोपेतसुद्धा बोलते. मी सगळं सांगितलं. मोनिकाचा हात परातीत तसाच राहिला. तिच्या तोंडावरचा रंग उडालेला मी पाहिला, म्हणजे तिला समजलं होतं. तरीही ती म्हणाली, "रिपोर्ट उद्या येणार हाय."

"मोनिका, उद्या बारापर्यंतच वेळ आहे."

"मग उद्या बघू. एक पोरगं तुमच्या हातात गेलं माझं. दुसरं आंधळेपणानं न्हाई देणार."

सुहासला, माझ्या भावाला, फोन लावला. तो पुण्यात गाडी चालवतो. "ताई, मोनिका म्हणंल तसं कर," म्हणाला आणि सिग्नल सुटला म्हणून फोन ठेवला. त्याचं सगळ्याच बाबतीत असं असतं.

मी निघाले तशी आई मागोमाग फाटकापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "तीन वाजता ती बचत गटाला जाती. मी शर्वीला घिऊन येते तुज्याकडं. टोच आनि मोकळी हो. तिला कशाला कळतंय?"

खोटं कशाला सांगू, मला तो मार्ग फार बरा वाटला. लशीचा डबा माझ्या खांद्यालाच होता. तीन वाजेपर्यंत मी उपकेंद्राच्या पायरीवर बसून होते आणि आई लांबून शर्वीला कडेवर घेऊन येताना दिसलीसुद्धा. मी उठले, अर्ध्या वाटेत गेले आणि त्या दोघींना परत घरी पोहोचवून आले. आई वाटभर मला शिव्या घालत होती. रात्रभर मला वाटत राहिलं की मी शहाणपणाच्या नादात पोरीचा जीव घेतेय.

बुधवारी सकाळी आठपासून मी त्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यावर बसले होते. डबा शेजारी. मोनिका आतबाहेर करत होती. पावणेअकराला तिच्या फोनवर रिपोर्ट आला. तिनं उघडला आणि फोन माझ्या हातात दिला. "तुम्हीच वाचा. मराठीत सांगा."

पहिल्यांदा मी सोळाव्या महिन्याचा तो गुरुवार शोधला. मोनिकासाठी नाही, माझ्यासाठी. आलेखावर तारीख होती. आदल्या दिवशीसारखी रेघ, दुसऱ्या दिवशीही तशीच. पुढचा सगळा महिना तसाच. त्या दिवशी दातात काहीच झालं नव्हतं.

मग मी मागे मागे गेले. वर्ष, सहा महिने, जन्माची ठळक रेघ. लय तिथंही बिघडलेलीच होती. रेघेच्याही अलीकडे, पोटातल्या दिवसांत बिघडलेली होती. सुरुवात जिथं दाखवली होती तिथं लिहिलं होतं, गर्भावस्थेचा सव्विसावा आठवडा.

मी तसंच वाचून दाखवलं. दातातला अंश सोबत पाठवलेल्या मोनिकाच्या थुंकीशी ताडून बघितला होता, दात वेदराजचाच होता, तेही वाचलं.

आई भिंतीला टेकून ऐकत होती. ती म्हणाली, "म्हंजी पोटातच बिघाड हुता म्हणायचा."

एवढंच म्हणाली. पण मी मोनिकाकडे बघितलं आणि सहा वर्षांत जे मला समजलं नव्हतं ते तेव्हा समजलं. लस दोषी होती तोपर्यंत ती दोषी नव्हती. त्या खोट्याच्या आडोशाला ती सहा वर्षं उभी होती आणि मी तो आडोसा आत्ता ओढून काढला होता. पुढं काय होणार तेही मला दिसलं. सव्विसाव्या आठवड्यात काय खाल्लंस, कुठं गेलीस, ग्रहण पाळलं होतंस का. आळीतली प्रत्येक बाई विचारणार.

"म्हंजी मीच," मोनिका म्हणाली.

"नाही." मी एवढ्या जोरात म्हणाले की शर्वी दचकली. "आई, तू गप्प बस. मोनिका, ऐक. दात फक्त केव्हा ते सांगतो. का ते सांगत नाही. हे बरंचसं रक्तातच येतं, दोन्हीकडच्या. आमच्या घरातलंही आलं असेल, तुझ्याही. कुणाच्या खाण्यानं नाही, कुणाच्या चुकीनं नाही."

ती ऐकत होती की नाही ठाऊक नाही. मी घड्याळ बघितलं. अकरा वाजून दहा.

"आणखी एक," मी म्हणाले. हे बोलायचं मी ठरवलं नव्हतं. "त्या दिवशी लशीनं काही केलं नाही. पण मी केलं. तू नको म्हणून गेली होतीस आणि मी तुला विचारलं नाही. ती माझी चूक. तिची माफी मी कधी मागितली नाही, कारण मला भीती होती की माफी मागितली तर तू म्हणशील, बघा, कबूल केलं."

मोनिकानं माझ्या हातातला फोन काढून घेतला. तिचे डोळे कोरडेच होते.

"आज विचारताय का?"

"विचारतेय."

"मी न्हाई म्हटलं तर?"

"तर मी डबा उचलून जाईन."

ती उठून आत गेली आणि दार लोटून घेतलं. साडेअकरा झाले. आई तोंडात पदर धरून बसली होती. मी डब्यातल्या बर्फाच्या पिशव्यांवर हात ठेवून बसले होते आणि मनात एकच चाललं होतं, ती आली नाही तर मी जाईन का? खरंच उठून जाईन का? पावणेबाराला दार उघडलं. मोनिकाचा चेहरा धुतलेला होता. तिनं शर्वीला मांडीवर घेतलं, बाही वर सरकवली आणि म्हणाली, "मी धरते. द्या."

शर्वीनं भोकाड पसरलं आणि रडता रडताही मला चार नावं ठेवली. बाराला सात मिनिटं कमी होती.

नंतर मी सोप्यावर आडवी झाले. लस दिली म्हणजे सुटली असं नव्हतं, पुढचे चौदा दिवस तिच्या कानामागं, कपाळावर रोज बघायला लागणार होतं. पण वेळेत दिली होती. मोनिकानं चहा केला आणि माझ्यासमोर बसली. फोन तिच्या हातात होता.

"ग्रुपवर टाकायला पाहिजे," ती म्हणाली. "सगळ्या इचारतायत. पण टाकलं की सगळ्यांना कळणार, पोटातलं."

तिचा आवाज ऐकून मला भडभडून आलं. मी म्हणाले, "आज राहू दे. मनाची तयारी झाली की टाक." मला वाटलं, मी पहिल्यांदा तिच्याशी नणंदेसारखी वागले.

गुरुवारी दुपारी तिनं रिपोर्ट टाकला. नाव झाकलं नाही, सव्विसावा आठवडा झाकला नाही. वर लिहिलं, 'लशीनं नव्हतं. मी माझ्या मुलीला दिली.' अर्ध्या तासात साठ बायका ग्रुप सोडून गेल्या. एकीनं लिहिलं, सरकारनं तुला किती दिले. एकीनं तिच्या गर्भारपणाची चौकशी केली. मोनिका उपकेंद्राच्या बाकावर माझ्याशेजारी बसून ते सगळं वाचत होती आणि मी म्हणत होते, वाचू नकोस, ठेव तो फोन.

तेवढ्यात फाटकात स्कूटर थांबली. पूनम होती, बारसं जिच्या घरी झालं ती. पुढं तिचा चार वर्षांचा अगस्त्य उभा, मागं नवरा, त्याच्या कुशीत पंधरा दिवसांचं तान्हं. शबाना मंगळवारी तिच्या दारात जाऊन आली होती आणि मोनिकाचा रिपोर्ट येऊ दे म्हणून पूनमनं तिला परत पाठवलं होतं, हे मला माहीत होतं. मंगळवारपासून माहीत होतं.

"मोनिकाचा रिपोर्ट वाचला," ती धापा टाकत म्हणाली. "तशीच निघाले. ह्याला आत्ताच्या आत्ता लस द्या, सिस्टर. ह्याला कायबी दिलेलं न्हाई. त्या पुण्याच्या पोराच्या ताटात जेवलाय हा रविवारी."

अगस्त्यनं माझ्या टेबलावरचा वजनकाटा पाहिला आणि बूट काढून त्यावर उभा राहिला. धडधाकट पोरगं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. त्याची गरज नव्हती. बारशाला गेलेल्या प्रत्येक मुलाचे बहात्तर तास बुधवारी बारालाच संपले होते. मी मंगळवारपासून तास मोजत होते आणि एकाच मुलीचे मोजत होते.

मी लस काढली. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, लस दे, पण ह्या संसर्गाला ती पुरेलच असं नाही. दुसरं एक इंजेक्शन असतं, सहा दिवसांच्या आत देतात, ते जिल्ह्याहून मिळतंय का बघतो. तान्ह्याला पोरापासून आजच वेगळं ठेवा. मी हे पूनमला जसंच्या तसं सांगितलं. सांगताना माझा आवाज कुणा दुसऱ्याचा वाटत होता.

"म्हंजी उशीर झाला?"

"थोडा झालाय."

"कितीचा?"

मी सिरिंजमध्ये लस भरली. मोनिकानं पुढं होऊन अगस्त्यला मांडीवर घेतलं आणि त्याचा दंड धरला. मी सुई टोचली. तो रडला नाही, नुसता ओठ दाबून बसला.

पूनम मोनिकाकडं बघत होती. रागानं नव्हे. तिला नुसता हिशोब लागत नव्हता.

"तुझा रिपोर्ट कधी आला होता गं?" तिनं विचारलं.

मोनिकानं माझ्याकडं बघितलं. आत्ताच, असं ती म्हणू शकली असती. म्हण, असं मला वाटलं, देवाशपथ वाटलं. तिनं अगस्त्यच्या दंडावरचा कापूस दाबून धरला.

"काल," ती म्हणाली. "पावणेअकराला."